अक्कूब दारावरून हलला नाही

आमच्या गावात मंदिराच्या सेवेतल्या लेव्यांची घरं थोडी, आणि त्यांच्यातही गाणारे वेगळे, दारावरचे वेगळे. गाणाऱ्यांना वाटतं, यरुशलेमचं मंदिर त्यांच्याच गळ्यावर उभं आहे. आम्ही दारावरचे. बाप दारावर, आजा दारावर, त्याच्या मागचेही दारावरच. वर्षातून दोनदा आमच्या घराण्याची पाळी येते. तेव्हा आठवडाभर यरुशलेमला जायचं, मंदिराच्या डोंगराची दक्षिणेकडची दारं उघडायची, दिवसभर उभं राहायचं, संध्याकाळी लावायची. बाकीचे दिवस जव, शेळ्या आणि जैतुनाची झाडं.

अक्कूब माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. आम्ही एकाच दारावर उभे राहायचो, उजवीकडच्या, जिथून लोक आत येतात. हाडापेरानं दणकट माणूस, पण आवाज अगदी सपाट. चढायचा नाही, उतरायचा नाही. "काठी बाहेर ठेव. जोडे काढ. कमरेचा पैशांचा कसा सोड. पाय धू." सणाच्या गर्दीत हेच दिवसभर. एकदा एक व्यापारी वैतागून म्हणाला, "आता कातडीही काढून ठेवू का?" अक्कूब म्हणाला, "ती राहू दे. आत गार असतं." आणि पुढच्या माणसाकडे वळला. हसला नाही. आम्हीच हसलो.

त्याची बायको शप्पीरा. मी तिला वहिनी म्हणायचो. ती सगळं गाव बोलून काढायची. टोपल्या विणत दारात बसायची आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला हाक मारून थांबवायची. नवऱ्याच्या वाटणीचंही आपणच बोलते, असं ती म्हणायची. त्यांना एकच मुलगी, हमुताल. ती टेकडीपलीकडच्या गावात हानानकडे दिलेली. हानानचा तेलाचा घाणा आहे.

त्या वर्षी आमची पाळी आली ती जैतुनं उतरवायच्या सुमारास. आम्ही निघालो तेव्हा वहिनीला खोकला होता. तशी हिंडतीफिरती होती. "तुम्ही जा हो," ती अक्कूबला म्हणाली. "खोकल्याला काय दारात उभं करून झडती घेणार आहात?" आम्ही गेलो.

पाळीच्या मधल्याच एका सकाळी, ऊन अजून पायऱ्यांवर उतरायचं होतं, तेव्हा हानान गाढवावरून आला. गाढव खाली सोडून पायऱ्या चढत वर आला आणि श्वास सारखा व्हायच्या आधीच म्हणाला, "मामा, मामी गेल्या. रात्री ताप चढला. पहाटे गेल्या."

"बरं," अक्कूब म्हणाला.

मग त्यानं समोरच्या माणसाला सांगितलं, "जोडे काढ."

मला वाटलं त्याला ऐकू गेलं नाही. मी त्याचा दंड धरला. "दादा, हानान काय सांगतोय ऐकलंस का? तू नीघ. इथलं मी बघतो."

"हो."

"हो काय? गाढव खाली उभं आहे."

"निघतो."

हानान म्हणाला, "मामा, आजच न्यायचंय. हमुताल एकटी सगळं बघतेय. वाट बघतेय तुमची."

"तू हो पुढे. मी आलोच."

हानान माझ्याकडे बघत राहिला. मी मान हलवली, म्हणजे पाठवतो, तू जा. तो गेला. आमचं गाव तिथून अर्ध्या दिवसाच्याही आत. तेव्हा निघाला असता तर अक्कूब आरामात पोचला असता.

तो निघाला नाही. मी धावत जाऊन आमच्या प्रमुखाला, यखोन्याला, सांगितलं. यखोन्यानं लगेच बदली माणूस पाठवला. तो येऊन अक्कूबच्या शेजारी उभा राहिला. अक्कूबनं त्याला जागा करून दिली, आणि दोघं तसेच उभे राहिले. एका जागी दोन माणसं. "काठी ठेव. जोडे काढ." आवाज तोच. मी दोनदा-तीनदा बोललो. तो दर वेळी "निघतो" म्हणायचा. खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. दुपारी वरून शिंगांचा आवाज आला, गाणारे गायले, लोक पालथे पडले, उठले. ऊन कललं. दार लावायची वेळ झाली तेव्हा त्यानं आमच्यासारखाच फळीला खांदा लावला आणि लोटलं.

मग दगडी बाकावर बसला. "जक्कूर," मला म्हणाला, "आता गेलो तर?"

"आता काय, दादा. आता पुरलंही असेल."

"हो. पुरलं असेल."

आणि त्यानं फडक्यातली भाकरी काढून खाल्ली. सबंध खाल्ली. सांडलेले कणही वेचले. मी शेजारीच होतो.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही दोघं निघालो. रस्त्यात तो एकदाच बोलला. कुणाचीतरी शेळी जवात शिरली होती, तर म्हणाला, "हाकलायला पाहिजे." आणि हाकलली.

घरी खाटा उलट्या करून ठेवलेल्या होत्या, सुतकात ठेवतात तशा. हमुताल जमिनीवर बसली होती, गळ्यापाशी कपडा फाडलेला. बाप उंबऱ्यावर आला तशी तिनं वर बघितलं.

"दोन बासरीवाले मी ठरवले," ती म्हणाली. "रडायला बाई मी बोलावली. नवऱ्याचं काम असतं ते. लोक विचारत होते, नवरा कुठाय. मी सांगितलं, येतायत. पुरायच्या गुहेच्या तोंडावर दगड लोटेपर्यंत मी सांगत होते, येतायत."

अक्कूबनं स्वतःचा कपडा गळ्यापाशी धरून फाडला आणि तिच्याजवळ जमिनीवर बसला.

"काही बोलणार नाही का?"

"काय बोलू," तो म्हणाला. विचारत नव्हता, नुसतं म्हणाला.

सात दिवस लोक येत राहिले. शेजाऱ्यांनी मसूर शिजवून आणले, अंडी आणली. हमुताल मनातून धुमसत होती, पण बापाला वाढत होती. तिनं स्वतःच्या मनाशी एक समजूत घालून घेतली होती, हे मला नंतर कळलं. दारावरून सुटका झाली नसेल, सोडलं नसेल कुणी, असं ती धरून चालली होती. येणाऱ्या बायकांनाही तसंच सांगायची.

ते सात दिवस संपायला आले तेव्हा प्रमुख यखोन्या स्वतः भेटायला आला. एवढा मोठा माणूस आमच्या गावात आला म्हणून लोक गोळा झाले. तो अक्कूबसमोर जमिनीवर बसला. चांगला माणूस आहे यखोन्या, मनापासून बोलत होता.

"अक्कूब," तो म्हणाला, "तीस वर्षं मी दारं सांभाळतोय, असा माणूस बघितला नाही. ऐका रे सगळे. घरून निरोप आला, बायको गेली. मी बदली माणूस पाठवला. मोकळं केलं याला. तरी हा हलला नाही! देवाचं दार आधी, मग बाकी सगळं. पुढच्या पाळीपासून मी याला आतल्या दारावर घेतोय, याजकांच्या अंगणाजवळ."

लोकांत कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, "धन्य आहे."

हमुताल पाण्याचा घडा घेऊन येत होती. ती थांबली. "बदली माणूस आला होता?"

"आला होता ना," यखोन्या म्हणाला. "सकाळीच."

"सकाळीच?"

"मुली, तुझ्या बापाचा अभिमान बाळग."

तिनं घडा खाली ठेवला. कुठंही पाणी सांडलं नाही. बापासमोर जाऊन उभी राहिली. "आबा, खरं का हे?"

"खरं."

"सबंध जगाच्या आयांना दार उघडलंत. तुम्हाला कुणी धरून ठेवलं नव्हतं, आणि माझ्या आईला खांदा द्यायला आला नाहीत?"

यखोन्या घसा खाकरून म्हणाला, "सेवा म्हणजे काय हे बाईमाणसाला..."

"तुम्ही थांबा," हमुताल त्याला म्हणाली. मग तिनं हानानला हाक मारली, गाठोडं बांधलं आणि दोघं निघून गेली. जाताना तिनं मागं वळून बघितलं नाही. अक्कूबही उठला नाही. तो समोरच्या भांड्यातले मसूर बघत होता.

त्यानंतरचे दिवस मी रोज त्याच्याकडे जायचो. तो सगळं करायचा. शेळ्यांची धार काढायचा, चूल पेटवायचा, वहिनीच्या अर्धवट राहिलेल्या टोपल्या एकावर एक रचून त्यानं माळ्यावर ठेवल्या. घर झाडलेलं असायचं. मी एकदा धीर करून विचारलं, "दादा, मनात काय चाललंय तुझ्या?"

तो विचार करून म्हणाला, "काही नाही. चव कळते, मीठ कमी आहे का जास्त ते कळतं. गार-गरम कळतं. पण ते कुणा दुसऱ्यालाच कळतंय आणि मी बाजूला उभा आहे, तसं."

"आणि वहिनीची आठवण?"

"येते. येते आणि जाते. बसत नाही."

गावात मात्र त्याचं नाव झालं होतं. गाणाऱ्यांच्या आळीतले लोकसुद्धा त्याला वाट द्यायला लागले. पोरांना सांगायचे, ते बघ, दारावरून न हललेले अक्कूब. तो ऐकायचा आणि पुढे जायचा.

सुतकाचा महिना संपायच्या आत मंदिरात जाऊन यायची रीत आहे. सगळे लोक उजवीकडून शिरतात आणि उजव्या हातानं फिरत जातात. ज्याच्यावर दुःख आलंय, तो उलटा, डाव्या हातानं फिरतो. मग समोरून येणारे त्याला विचारतात, "डावीकडून का?" तो सांगतो, "मी सुतकात आहे." मग ते म्हणतात, "या घरात राहणारा तुझं सांत्वन करो." वाळीत टाकलेल्या माणसानंही तसंच उलटं फिरायचं असतं. त्याला वेगळा आशीर्वाद आहे. दारावर उभं राहून आम्ही हे रोज ऐकतो. आमच्या कानाला त्याचं काहीही वाटेनासं झालेलं असतं.

अक्कूब म्हणाला, "जाऊन येऊ." मी बरोबर गेलो. दारावर दुसऱ्या घराण्याची माणसं होती. त्यानं डोक्यावरून कपडा ओढून ओठांपर्यंत घेतला होता, त्यामुळे कुणी ओळखलं नाही. तो डावीकडे वळला, मी गर्दीबरोबर उजवीकडे. उत्तरेच्या भिंतीपाशी आम्ही समोरासमोर येणार होतो.

तिथं आलो तर तो उभा होता, आणि त्याच्यासमोर एक म्हातारी. उत्तरेकडच्या मोठ्या तळ्याकाठची असावी, बोलणं तिकडचं, अंगाला खारवलेल्या मासळीचा वास. वाटेत कितीतरी जणांनी मान खाली घालून त्याला टाळलं असणार, पण ही नीट थांबली होती.

"काय रे बाबा, डावीकडून का?"

अक्कूबनं तोंड उघडलं. त्याचे ओठ हलले. आवाज आला नाही.

"मोठ्यानं सांग. मला कमी ऐकू येतं."

त्यानं पुन्हा प्रयत्न केला. मी दोन हातांवर होतो, मलाही काही ऐकू आलं नाही. म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली. मागून लोक ढकलत होते. मग तिनं आवाज खाली आणला.

"वाळीत टाकलंय होय?"

तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही.

म्हातारीनं त्याच्या हातावर हात ठेवला. "या घरात राहणारा तुझ्या मनात घालो, की तू आपल्या माणसांचं ऐकावंस आणि त्यांनी तुला जवळ करावं." एवढं म्हणून ती थांबली नाही. "जा रे बाबा. जाऊन सांग त्यांना काय झालं ते. घेतात. माझ्या भावाला घेतलं ना. आधी चार शिव्या दिल्या, मग घेतलं." आणि ती गर्दीत पुढे गेली.

मी त्याच्याजवळ गेलो. "दादा, नुसतं सुतकात आहे म्हणायचं होतं."

"येईना तोंडातून."

"जाऊ दे. तिला काय माहीत. पुढचा कुणी विचारेल त्याला सांग."

"नको," तो म्हणाला. "तिनं दिला तोच आशीर्वाद बरोबर आहे."

फेरी त्यानं पुरी केली. डोंगर उतरल्यावर आमच्या गावाचा रस्ता सोडून तो दुसरीकडे वळला. "हमुतालकडे जातो. येतोस?" मी गेलो.

घाण्यावर कामाची धांदल होती. गाढव डोळ्यांवर पट्टी बांधून दगडाभोवती फिरत होतं. हमुताल ठेचलेली जैतुनं लव्हाळ्याच्या चपट्या टोपल्यांत भरत होती, हात कोपरापर्यंत तेलकट. आम्हाला बघून हानाननं गाढव थांबवलं. हमुतालनं हात थांबवले नाहीत.

"हानान, चालू ठेव," ती म्हणाली. "पाहुण्यांना पाणी द्या कुणीतरी."

अक्कूब तिच्यापासून थोडा दूर उभा राहिला. "देवासाठी थांबलो असं लोक म्हणतात," तो म्हणाला. "ते खरं नाही. देव माझ्या मनातही नव्हता तेव्हा."

"मग कशासाठी थांबलात?"

"माहीत नाही. पाय उचलेना. सारखं वाटत होतं, आत्ता निघेन. हा एक माणूस आत गेला की निघेन. मग पुढचा यायचा. तू आणखी विचारलंस तर आणखी काही नाही माझ्याजवळ. एवढंच आहे."

गाढवाच्या खुरांचा आवाज येत राहिला. हमुतालनं टोपली भरली, दुसरी ओढली.

"रडलात का?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"नाही."

"मी रडून रडून डोळे सुजवले," ती म्हणाली. "आता मलाही येत नाही. लोक आईचं काही बोलतात आणि मी विचार करत असते की टोपल्या कमी पडणार." ती पहिल्यांदाच थांबली. "मला तुमचा राग आलाय. तो काही गेलेला नाही."

"नसू दे."

"उगाच बरं वाटावं म्हणून सांगणार नाही. आईनं शेवटी तुमचं नाव घेतलं नाही. माझंही नाही. पाणी मागितलं, आणि कुणाचीतरी टोपली द्यायची राहिली म्हणाली. कुणाची ते कळलं नाही."

"बरं."

"उभे काय राहिलात? ही कड धरा. घट्ट धरा, निसटते."

अक्कूबनं बाह्या वर सारल्या आणि टोपलीची कड धरली. संध्याकाळपर्यंत ती दोघं टोपल्या भरून एकावर एक रचत होती. हानान आणि मी वरचं लाकूड दाबत होतो. खाली दगडी कुंडीत तेल गळत होतं. बोलणं झालं ते कामाचंच.

पुढच्या पाळीला अक्कूब आधी यखोन्याकडे गेला. म्हणाला, "आतलं दार मला नको. मी जिथं होतो तिथंच बरा. तुम्ही समजलात तसं काही नव्हतं ते. मला बधिरपणा आला होता, एवढंच."

यखोन्या थोडा हिरमुसला. "अरे, पण लोकांना कशाला सांगतोस असं? नव्या लेव्यांना मी तुझं उदाहरण देतो."

"देऊ नका."

पण यखोन्या अजूनही देतो. गोष्ट आता आमच्याही आधी पोचलेली असते. मध्ये एकदा एका परगावच्या लेव्यानं ती अक्कूबलाच सांगितली, त्याचंच नाव घेऊन, आणि वर बदली माणसाऐवजी दोन बदली माणसं केली. अक्कूब म्हणाला, "तो माणूस मी आहे. खरं नाही ते." परगावचा लेवी हसला आणि म्हणाला, "असाच नम्र होता म्हणतात तो."

शेळ्या विकून अक्कूब हमुतालच्या गावी राहायला गेला. घाण्याजवळच्या खोलीत असतो. बाप-लेकीचं पटतं असं मी म्हणणार नाही. कधी मी गेलो तर ती त्याच्यावर ओरडत असते, कधी दोघं शेजारी बसून जैतुनांतल्या काड्या वेचत असतात. एकदा तिनं त्याला माझ्यासमोर ताडकन सुनावलं, "त्या दिवशी आला नाहीत, आता जेवायला तरी वेळेवर या." तो उठून जेवायला बसला.

वर्ष भरलं तेव्हा आमच्याकडे करतात तसं वहिनीची हाडं गोळा करून दगडी पेटीत ठेवायची होती. गुहेचा दगड हानान आणि मी सरकवला. आत हमुताल आणि अक्कूब गेले. आतून हमुतालचा आवाज आला, "इकडून धरा. हळू. हे आधी, ते मागाहून." मग अक्कूबचा, "दिसत नाही, दिवा जवळ आण." त्या दोघांनी सगळं हातानं केलं. पेटीच्या बाजूवर हानाननं खिळ्यानं नाव कोरलं, शप्पीरा, अक्कूबची बायको. हमुतालनं वाचलं आणि खाली आणखी कोरायला लावलं, हमुतालची आई. अक्षरं वाकडी आली. अक्कूबनं झाकण उचलून पेटीवर बसवलं. जड होतं. आम्ही हात लावायला पुढे झालो तर तो म्हणाला, "राहू द्या." त्याच्या कपाळावर घाम होता. डोळे कोरडेच होते, मी बघितलं, बघायचं नव्हतं तरी.

हाडं वेचल्याचं सुतक त्या दिवसापुरतंच असतं. सूर्य मावळला तसं ते सुटलं. आम्ही पाय धुतले आणि अंगणात जेवायला बसलो. पहिल्याच घासाला हानान थबकला आणि दाताखालचा खडा काढून बघू लागला.

"जात्याला टाकी लावायला झालीय," हमुताल म्हणाली. "पिठात दगडच येतोय सगळा."

"लावून देतो," अक्कूब म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो तेव्हा तो अंगणात बसून छिन्नी-हातोडीनं जात्याला टाकी लावत होता.